जुन्या कॅमरी हायब्रिडमध्ये पी०ए८० कोड आला तर पॅक बदलण्याआधी काय तपासायचं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. २०१४ ची टोयोटा कॅमरी हायब्रिड, सेकंड हँड घेतलेली, मीटरवर १ लाख ४० हजार किलोमीटरच्या आसपास. एप्रिलच्या उन्हात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात डॅशबोर्डवर 'चेक हायब्रिड सिस्टिम' आलं आणि गाडीची ओढ कमी झाली. कडेला थांबून बंद-चालू केल्यावर गाडी नीट धावली. आठवड्याने पुन्हा तेच. एका वर्कशॉपने स्कॅनर लावला, पी०ए८० कोड दाखवला आणि पूर्ण बॅटरी पॅक बदला म्हणून सांगितलं. खर्च लाखांच्या घरात. दुसऱ्या गॅरेजने 'एखादंच मॉड्यूल गेलं असेल, संध्याकाळपर्यंत बदलून देतो' असं म्हटलं. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की मार्चमध्ये एसीचा गॅस भरून घेतला आणि सीट कव्हर नवी टाकली. ह्या दोन गोष्टी सांगितल्यात ते फार बरं झालं. का, ते पुढे येईलच.

माझं उत्तर: सध्या दोघांपैकी कोणाचंही ऐकू नका. पॅक गेलेला असेलही, पण अजून कोणी काही मोजलेलंच नाही. नुसत्या कोडवरून लाखांचा खर्च करणं चूक, आणि नुसत्या अंदाजावरून एक मॉड्यूल बदलणं त्याहून चूक. पी०ए८० ह्या कोडचा अधिकृत मजकूरच 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असा आहे, त्यामुळे स्कॅनरवर तो दिसला की पुढे कोणी डोकं चालवत नाही. प्रत्यक्षात हा कोड एवढंच सांगतो की बॅटरीच्या ब्लॉकांच्या, म्हणजे तिच्यातल्या गटांच्या, व्होल्टेजमध्ये कंट्रोलरला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या संगणकाला) नको इतका फरक दिसला. तो फरक मेलेल्या सेलमुळे पडतो, तापलेल्या पॅकमुळे वाढतो आणि कळकलेल्या जोडामुळेही दिसतो. औषध तिन्हींचं वेगळं.

पॅकची रचना माहीत असली की पुढचं सगळं सोपं जाईल. तुमच्या गाडीत मागच्या सीटच्या पाठीमागे ३४ मॉड्यूल एका ओळीत, एकामागे एक अशी सिरीजमध्ये जोडलेली आहेत. प्रत्येक मॉड्यूलमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे ६ सेल. सेलचे १.२ व्होल्ट, मॉड्यूलचे ७.२, पूर्ण पॅकचे २४४.८. क्षमता ६.५ अँपिअर-अवर, म्हणजे सगळी मिळून दीड युनिटाच्या थोडी वर वीज. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये अशीच मॉड्यूल २८ असतात आणि व्होल्टेज २०१.६. कंट्रोलर प्रत्येक मॉड्यूल वेगळं बघत नाही. दोन-दोनची जोडी करून एक ब्लॉक धरतो. कॅमरीत असे १७ ब्लॉक, प्रियसमध्ये १४. चार्जची पातळी तो साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच ठेवतो, पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरूही देत नाही. ह्या बॅटऱ्या दहा-दहा वर्षं टिकतात त्यामागे मोठं कारण हेच.

आता जिवाची गोष्ट, आणि ती मी दरवेळी आधी सांगतो. केशरी रंगाची केबल म्हणजे हाय व्होल्टेज. अडीचशे व्होल्ट डीसी माणूस मारायला पुरेसे आहेत. खाली मी जे लिहिलंय त्यातलं १२ व्होल्टची बॅटरी तपासणं, हवेची जाळी साफ करणं आणि स्कॅनरवर आकडे वाचणं एवढंच तुम्ही स्वतः करा. पॅकचं झाकण काढणं हे शिकलेल्या माणसाचं काम. तो माणूस काम नीट करतोय का हे ओळखायचं असेल तर त्याच्या हाताकडे बघा. अंगठी, कडं, घड्याळ काढलेलं हवं. १००० व्होल्टचे क्लास ० रबरी हातमोजे हवेत आणि ते घालण्याआधी हवा भरून भोक तपासलेलं हवं. १२ व्होल्टचं निगेटिव्ह काढून, केशरी सर्व्हिस प्लग (पॅकची जोडणी मध्येच तोडणारी खिट्टी) ओढून तो स्वतःच्या खिशात टाकतो, म्हणजे दुसरं कोणी चुकून परत बसवणार नाही. त्यानंतर इन्व्हर्टरमधले कपॅसिटर उतरायला किमान दहा मिनिटं थांबतो आणि मीटर लावून शून्य व्होल्ट आल्याची खात्री करतो. प्लग काढला म्हणजे पॅक मेला असं मात्र नाही. पॅकचे फक्त दोन तुकडे होतात आणि निदान एका तुकड्यात तरी शंभराहून जास्त व्होल्ट शिल्लक असतातच. हे न पाळणाऱ्याकडे गाडी देऊ नका, कितीही स्वस्तात करून देत असला तरी.

सुरुवात १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीपासून करा. तुमच्या गाडीत ती डिकीत आहे. ती अशक्त झाली की सगळे कंट्रोलर अर्धवट जागे होतात आणि भलतेसलते कोड टाकतात. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी दार उघडण्याआधीचं व्होल्टेज महत्त्वाचं, ते १२.५ च्या आसपास हवं. १२ च्या खाली असेल तर आधी तीच बदला, मग पुढचं बोलू. डॅशबोर्डवर 'रेडी' दिवा येऊन गाडी चालू झाल्यावर तेच टर्मिनल १३.८ ते १४.५ दाखवायला हवं. ह्या गाडीला अल्टरनेटर नाही, हायब्रिड बॅटरीतूनच डीसी-डीसी कन्व्हर्टर १२ व्होल्टवाली चार्ज करतो. बदलताना केबिनला चालणारी, व्हेंट पाइपची सोय असलेली एजीएमच (सीलबंद प्रकारची बॅटरी) घ्या. बॉनेटखाली चालते ती साधी बॅटरी डिकीत ठेवायची नाही.

आता हवा. आपल्याकडच्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतो.

हा पॅक थंड होतो तो केबिनमधल्या हवेवर. मागच्या सीटच्या परिसरात एक जाळी असते, तिथून पंखा हवा ओढतो, ती मॉड्यूलांच्या फटींतून जाते आणि बाहेर पडते. प्रियसमध्ये ही जाळी मागच्या सीटच्या कडेला आहे; तुमच्या गाडीत नेमकी कुठे ते ओनर्स मॅन्युअलमधल्या चित्रात बघा. आता तुमची नवी सीट कव्हर. शिवणाऱ्याला ही जाळी कशासाठी आहे हे माहीत नसतं. तो कव्हर ताणून तिच्यावरून घेतो, वर फोम दाबून बसवतो आणि काम देखणं दिसतं. मार्चमध्ये कव्हर, एप्रिलमध्ये घाटात कोड, हा क्रम मला योगायोग वाटत नाही. आजच जाऊन बघा. कव्हर असेल तर ब्लेडने चौकोन कापा, उशी किंवा सामान असेल तर हलवा. मग एसी चालू ठेवून गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, पंखा फिरू लागला की टिश्यू पेपरचा तुकडा जाळीवर धरा. तो चिकटून राहायला हवा. पंख्याचा आवाज येतोय पण कागद चिकटत नाही, तर पुढे कुठेतरी बुजलंय.

बुजलेलं असतं ते बहुतेक पंख्यातच. सोलापूरकडून आलेल्या एका कॅमरीचा पंखा मी उतरवला तेव्हा पिंजऱ्याच्या पात्यांच्या मधल्या फटी दिसतच नव्हत्या. धूळ, सीटचे धागे आणि कुत्र्याचे केस ह्यांचा एकजीव थर झाला होता, नखाने खरवडल्यावर तो पट्टीच्या पट्टी सुटून आला. पंखा फिरत होता, कोड एकही नव्हता, कारण मोटर ठणठणीत होती. फक्त हवा पुढे सरकत नव्हती. पंख्याच्या मोटरसाठी पी०ए८२ असा वेगळा कोड आहे, पण धुळीसाठी कोड नाही. म्हणून 'स्कॅनरवर पंख्याचं काही आलं नाही' हे उत्तर मान्य करू नका, पंखा उतरवून डोळ्यांनी बघायला सांगा. पाती मऊ ब्रशने साफ करायची. पॅक बसवलेला असताना कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत जाळीतून आत मारायचा नाही, सगळी घाण मॉड्यूलांच्या फटींत जाऊन बसते.

हवा अडली की मधली मॉड्यूल सगळ्यात जास्त तापतात, कारण त्यांना दोन्हीकडून शेजार आहे. म्हणून खराब होतात तीही बहुधा मधलीच. तापमान चढलं की कंट्रोलर बॅटरीकडून घ्यायची आणि तिला द्यायची वीज कमी करतो. तुमच्या गाडीची घाटात कमी झालेली ओढ ती हीच. विदर्भात किंवा सोलापूर-धाराशिवकडे मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी घेऊन लगेच हायवेला लागणं बॅटरीला फार जड जातं. आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, एसी लावून केबिन गार होऊ द्या. तुम्हाला लागणारा गारवा बॅटरीलाही लागतो.

हवेच्या विषयात नसलं तरी इथेच सांगतो. सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी 'एन' मध्ये टाकायची सवय असेल तर ती सोडा. साध्या ऑटोमॅटिकवरून आलेले चालक सर्रास असं करतात. ह्या गाडीत 'एन' मध्ये हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही, इंजिन चालू असलं तरी नाही. एसीचा कॉम्प्रेसर मात्र त्याच बॅटरीवर चालतो. म्हणजे कात्रज-हिंजवडीच्या कोंडीत 'एन' मध्ये उभी गाडी एसीसह बॅटरी नुसती उतरवत असते. 'डी' मध्ये ब्रेकवर उभे राहा, जास्त वेळ असेल तर 'पी' मध्ये टाका.

एवढं झालं की आकड्यांकडे वळू. कोड पुसून टाकू नका. कोड पडला त्या क्षणी वेग किती, तापमान किती, चार्ज किती, हे फ्रीज फ्रेममध्ये साठवलेलं असतं. पुसलं की पुरावा गेला. त्याचा फोटो काढून ठेवा. टोयोटाचं टेकस्ट्रीम हे तपासणीचं सॉफ्टवेअर असेल तर उत्तमच, पण बऱ्यापैकी ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं डॉ. प्रियस किंवा हायब्रिड असिस्टंट हे अॅपही पुरतं. आपल्याला १७ ब्लॉकांचं व्होल्टेज, बॅटरीचा करंट, तिची तापमानं आणि चार्जची पातळी एका वेळी दिसायला हवी. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने शेजारी बसून स्क्रीन रेकॉर्ड करायचा.

आकडे तीन स्थितींत घ्यायचे. एक, गाडी 'रेडी', एसी बंद, इंजिन बंद, करंट जवळपास शून्य. दोन, मोकळ्या रस्त्यावर जोरात अॅक्सिलरेटर, म्हणजे बॅटरीतून भरपूर करंट निघतोय. तीन, लांबवर हलका ब्रेक धरून वेग कमी करताना, म्हणजे करंट उलटा बॅटरीत शिरतोय. उभ्या गाडीत सगळे ब्लॉक सारखे दिसले म्हणून 'बॅटरी चांगली आहे' असं प्रमाणपत्र देणारे मी बघितलेत. त्या एका स्थितीवरून काहीच ठरत नाही.

निदान होतं ते तिन्ही स्थिती शेजारी ठेवल्यावर.

एक ब्लॉक इतरांपेक्षा सव्वा व्होल्टच्या आसपास खाली आहे, आणि तिन्ही स्थितींत तेवढाच खाली आहे, तर त्यातला एक सेल शॉर्ट झालाय. हिशोब सरळ आहे: बारा सेलांतला एक गेला, १.२ व्होल्ट गेले. ह्यात वादाला जागा नाही.

एक ब्लॉक उभ्या गाडीत इतरांसारखाच आहे, अॅक्सिलरेटर दाबून धरल्यावर हळूहळू इतरांपासून खाली सुटत जातो आणि चार्ज होताना इतरांच्या आधी वर चढतो, तर त्याची क्षमता घटलीय. लहान भांडं आधी भरतं आणि आधी रिकामं होतं, तसंच. इथे महत्त्वाचा शब्द 'हळूहळू'. फरक वेळेबरोबर वाढत जातो आणि करंट थांबल्यावरही लगेच भरून येत नाही.

आणि एक ब्लॉक करंट सुरू होताक्षणी खाली उडी मारतो, थांबताक्षणी जागेवर येतो, चार्जिंगला तितकाच वर जातो, तर आधी जोडाकडे संशयाने बघा. जोडात ५ मिलिओहमचा अडथळा आला तरी ८० अँपिअरला ०.४ व्होल्टचा फरक पडतो. टेकस्ट्रीमवर प्रत्येक ब्लॉकचा अंतर्गत रोधही दिसतो. चांगल्या ब्लॉकचा साधारण ०.०२ ओहमच्या आसपास असतो. एकाच ब्लॉकचा त्याच्या दीडपट असेल तर पॅक उघडल्यावर पहिला पाना तिथे लावायचा.

चौथा नमुना कमी लोकांना माहीत आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे चांगले पॅक भंगारात गेलेत. एक ब्लॉक जेवढा खाली, त्याचा शेजारचा नेमका तेवढाच वर, आणि दोघांची बेरीज बरोबर. असं असेल तर सेल निर्दोष आहेत. दोन ब्लॉकांच्या मधून व्होल्टेज मोजणारी जी बारीक तार जाते, तिचं टर्मिनल खराब झालंय. कंट्रोलरला चुकीचं दिसतंय आणि तो चुकीच्या दिसण्यावर कोड टाकतोय. नवीन पॅक आणला असता तर हा दोष जुन्या वायरिंगसकट गेला असता आणि सगळ्यांना वाटलं असतं की पॅकच गेला होता.

आता पॅक उघडायची वेळ. झाकण निघाल्यावर मॉड्यूलांच्या कडेला एक लांब पट्टी दिसते, तिच्यात बसबार, म्हणजे मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, बसवलेल्या असतात. नव्या असताना त्या चकचकीत असतात. दहा वर्षांनी बऱ्याच ठिकाणी कळंक चढून त्या काळपट-हिरव्या होतात, नटाखाली हिरवी पूड जमते. कोकणातल्या आणि मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांत हे फार लवकर होतं. पाना लावल्यावर नट हलका कचकच आवाज करत सुटतो, तेव्हाच कळतं की तिथे संपर्क नीट नव्हता. बसबार व्हिनेगरमध्ये ठेवून, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून परत लावता येतात. पण मी पॅक उघडलाच असेल तर निकेलचा मुलामा असलेल्या नवीन बसबार आणि नवीन नटच लावतो; पूर्ण कामाच्या खर्चात ती रक्कम किरकोळ आहे. नट आवळायचे ते टॉर्क पान्यानेच, ५.४ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने आवळणारा माणूस एखादा तरी स्टड प्लास्टिकमधून फिरवतो आणि चांगलं मॉड्यूल घालवतो.

मॉड्यूलांना वरून-खालून बघा. पोट सुटलेलं मॉड्यूल बाद. टर्मिनलजवळ किंवा तळाशी पांढरी खपली दिसली तर आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपलंय. ते कातडी आणि डोळे जाळतं, उघड्या हाताने पुसायचं नाही. बोरिक अॅसिडच्या द्रावणाने किंवा व्हिनेगरने ते निष्प्रभ करायचं, मग पुसायचं.

मग प्रत्येक मॉड्यूलची वेगळी परीक्षा. बसबार काढल्यावर प्रत्येकाचं व्होल्टेज मोजून त्याच्या अंगावर मार्करने लिहा. चांगली मॉड्यूल पावणेआठच्या अलीकडे-पलीकडे एका रांगेत येतात. त्यात एखादं साडेसहा दाखवत असेल तर त्याचा एक सेल गेला. नंतर हेडलाइटचा साधा ५५ वॉटचा बल्ब दोन मिनिटं एकेका मॉड्यूलवर लावायचा आणि शेवटी जळत्या बल्बवरच व्होल्टेज लिहायचं. आकडा नेमका किती ह्यापेक्षा तो इतर ३३ मॉड्यूलांच्या रांगेत बसतो का, हे बघा. अशक्त मॉड्यूलवर बल्ब डोळ्यांदेखत मंद होतो. ही परीक्षा एका दुपारात होते आणि कोणत्याही भारी यंत्राशिवाय होते, म्हणून ती न करता 'एखादंच गेलं असेल' म्हणणाऱ्याबद्दल मला राग येतो.

बल्बने मेलेली कळतात, म्हातारी कळत नाहीत. त्यासाठी प्रत्येक मॉड्यूल पूर्ण चार्ज करून, ६ व्होल्टपर्यंत उतरवून किती मिलिअँपिअर-अवर निघाले ते मोजावं लागतं, आणि हे चक्र दोन-तीनदा करावं लागतं. पहिल्या चक्रापेक्षा तिसऱ्यात आकडा बराच सुधारतो. नव्याचे ६५०० असतात. चार्ज करताना मॉड्यूल दोन्ही बाजूंनी पट्ट्यांमध्ये आवळलेली असायला हवीत, मोकळी ठेवून चार्ज केली की फुगतात. शेवटी आठ-पंधरा दिवस नुसती ठेवून परत व्होल्टेज बघायचं. काही मॉड्यूल परीक्षेत उत्तम येतात आणि नंतर गुपचूप उतरतात. म्हणून नीट केलेलं काम दोन-तीन आठवडे खातं. 'संध्याकाळपर्यंत' हा शब्द ऐकला की समजा, ह्यातलं काहीही होणार नाही.

मग एकच मॉड्यूल बदलायचं की नाही? माझं मत स्पष्ट आहे. पॅक दहा-अकरा वर्षांचा आहे, सगळी मॉड्यूल एकाच उन्हात, एकाच धुळीत म्हातारी झालीत. एक गेलं म्हणजे बाकीची तरुण आहेत असं होत नाही. बाकीच्यांची क्षमता मोजली, ती एकमेकांच्या जवळ आली आणि ४५०० च्या वर असली, तर त्याच ताकदीचं जुनं मॉड्यूल निवडून बसवणं रास्त आहे. वर्ष-दोन वर्षं गाडी समाधानाने चालेल. कोरं करकरीत मॉड्यूल म्हाताऱ्यांच्या रांगेत घातलं तर फरक उलट्या बाजूने वाढतो. बसवण्याआधी सगळी मॉड्यूल समांतर जोडून रात्रभर ठेवून एका पातळीवर आणावी लागतात. आणि बाकीच्यांचे आकडे ३००० पासून ५००० पर्यंत विखुरलेले असतील, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. एक बदललं की दोन-तीन महिन्यांत दुसरं, मग तिसरं, दरवेळी पॅक उतरवायची मजुरी. तेव्हा नवीन पॅकच घ्या, आणि पंख्याची साफसफाई व बसबारसकट बिलात लिहून घ्या. रिकंडिशन्ड पॅक घेत असाल तर मॉड्यूलवार क्षमतेचा तक्ता मागा. देत नसेल तर तिथून उठा. त्याआधी गाडीची वॉरंटी पुस्तिका उघडून हायब्रिड भागांची मुदत वाचून घ्या, बरेच सेकंड हँड मालक ती वाचतच नाहीत.

आता तुमचा एसीचा गॅस. पी०ए८० शी त्याचा संबंध नाही, पण पुढे पी०एए६ कोड आला तर असेल. पी०एए६ म्हणजे हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन बिघडलंय, वीज बॉडीकडे गळतेय. ह्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, आत मोटर आहे आणि ती हाय व्होल्टेजवर चालते. मोटरची तारच तेलात बुडालेली असते. त्यासाठी एनडी-११ नावाचं, वीज न वाहणारं तेल ठरलेलं आहे. साध्या गाड्यांत चालतं ते पीएजी तेल, अगदी गेजच्या पाइपमधलं उरलेलं थोडंसंसुद्धा, आत गेलं की इन्सुलेशन कमी होऊ लागतं. सगळ्या गाड्यांचा गॅस एकाच मशीनवर भरणाऱ्या दुकानात हे सहज होतं. तुम्ही जिथे भरलात तिथे तेल कोणतं घातलं ते विचारा. पी०एए६ आलाच तर त्याच्यासोबतचा उपकोड बघायला सांगा: ६११ कॉम्प्रेसरच्या बाजूचा दोष दाखवतो, ६१२ बॅटरीच्या, ६१३ मोटर-गिअरबॉक्सच्या. हा उपकोड साध्या स्कॅनरवर दिसत नाही, आणि न बघता लोक पॅक उतरवत बसतात.

६१२ आला तर झिरपलेलं रसायन किंवा पाणी हे दोन संशयित. सेकंड हँड गाडी असल्याने एक तपासणी जरूर करा: डिकीतलं कार्पेट उचलून स्पेअर व्हीलच्या खळग्यात चिखलाची रेघ, बोल्टांवर गंज, पॅकच्या कंसांवर पाण्याची खूण आहे का. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या कमी नव्हत्या, आणि अशा गाड्या साफ होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. त्याच वेळी केशरी केबलवर उंदराचे दात लागलेत का तेही बघा. लागले असतील तर टेप गुंडाळून चालत नाही, केबल बदलायची.

तोवर गाडी चालवायची का? गावात, जवळपास, कोड येत नसेल तर चालवा. लांबच्या प्रवासाला, विशेषतः घाटात, नेऊ नका. ह्या गाडीला वेगळा स्टार्टर नाही. इंजिन सुरू करायचं काम हायब्रिड बॅटरीवरची मोटरच करते. पॅकने साथ सोडली तर पेट्रोलची टाकी भरलेली असूनही गाडी जागची हलणार नाही. आणि दुरुस्तीच्या वाटेवर गाडी महिनोन्महिने झाकूनही ठेवू नका. निकेलच्या बॅटऱ्या पडून पडून उतरतात. टोयोटाचं मॅन्युअलही दोन-तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास किंवा १६ किलोमीटर गाडी चालवायला सांगतं. आपल्या उन्हाळ्यात मी महिन्यातून दोनदा सांगेन.

पॅक बदलायची वेळ आलीच तर जुना पॅक भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यात निकेल आहे, त्याला किंमत आहे, आणि अर्धवट चार्ज असलेला पॅक हातोडीने फोडणाऱ्या पोराच्या जिवावर बेततं.

तर आज सीट कव्हरखाली जाळी बघा आणि सकाळी १२ व्होल्टचं व्होल्टेज घ्या. शनिवार-रविवारी कोणाला तरी सोबत घेऊन तिन्ही स्थितींतले १७ ब्लॉकांचे आकडे, करंट आणि तापमानांसकट रेकॉर्ड करा. फ्रीज फ्रेमचा फोटो आणि हे आकडे इथे टाका. कोणता ब्लॉक कोणत्या नमुन्यात बसतो ते बघून पॅक उघडायचा की नुसता पंखा धुवायचा हे सांगतो.